दात काढायच्या आधीचं गाणं

आमच्या सीमेवरच्या भैंसा गावात माणसासमोर माइक ठेवला की तो आधी त्याच्यावर टिचकी मारतो, मग फू-फू करतो आणि मग ‘हॅलो, हॅलो’ म्हणत स्वतःच्याच आवाजावर खूश होतो. हे तिन्ही झाल्याशिवाय इथं सभा सुरू होत नाही. मंडप-लाऊडस्पीकरच्या धंद्यात माझी उमर गेली. या काळात माझ्या माइकवर पडलेल्या फुंकरा एकत्र केल्या असत्या तर गावातल्या सगळ्या चुली पेटल्या असत्या.

ते माइकही दणकट होते. पडायचे, आपटायचे, एकदा तर एका नवरदेवाच्या मामानं भाषण करता करता पानाच्या पिचकारीनं माइक रंगवून दिला, तरी माइक बोलत राहिला. त्यांचा एक गुण होता. ते अर्धे बहिरे होते. तोंडाशी धरलेलं तेवढं ऐकायचे, बाकी गावभर काय चाललंय त्याच्याशी त्यांना घेणं नसायचं.

पुढं कॅसेटचा जमाना आला. ज्याला त्याला आपली कॅसेट पाहिजे. मी एका कापूस व्यापाऱ्याच्या गोदामाचा कोपरा मागून घेतला आणि तिथं रेकॉर्डिंगची खोली केली. खोली म्हणजे काय, तीन बाजूंनी छातीएवढ्या रुईच्या गाठी रचलेल्या, चौथ्या बाजूला आमच्या घरच्या गोधड्या टांगलेल्या. त्यात उभं राहून टाळी वाजवली तर टाळी हातातच मरायची, घुमायची नाही. हैदराबादवाले यासाठी भिंतींना काय काय चिकटवतात म्हणे. आमच्याकडं ते शेतात उगवत होतं.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. एका उमेदवाराला भाषणाच्या मागं टाळ्या पाहिजे होत्या. गोदामातले हमाल चहा पाजून बसवले. त्यांना भाषणातलं काही पटेना, म्हणून ते उमेदवार खोकला की टाळ्या वाजवू लागले. एक महाराज कीर्तन भरायला आले आणि ऐकणारं कोणी समोर नाही म्हणून रुसून बसले. मग मी, माझी बायको कुसुम आणि गोदामाचा वॉचमन, तिघं समोर मांडी घालून बसलो, तेव्हा कुठं ते रंगात आले.

पण मला सांगायचं आहे ते वाघमारे सरांच्या आईचं.

वाघमारे सर शेजारच्या मुधोळला शाळेत मास्तर. एप्रिलातल्या जयंतीला दरवर्षी माझे भोंगे त्यांच्या वस्तीत लागायचे, तेव्हापासूनची ओळख. गाणी लिहायचे, चाली लावायचे. आणि गिटार वाजवायचे. आमच्या भागात गिटार म्हणजे नवलच. मास्तरकीच्या ट्रेनिंगला असताना होस्टेलातल्या खोलीमित्राकडून ते शिकले होते. ते एक दिवस गोदामात आले, गिटार गाठीला टेकवून ठेवली आणि म्हणाले, “भाऊ, माझ्या आईचे दात काढून राह्यले. दसऱ्याच्या नंतरच्या सोमवारी. नांदेडला.”

म्हटलं, “मंग दवाखान्यात जा ना सर, माझ्याकडं काऊन आले?”

ते हसले नाहीत. गाठीवर बसले आणि त्यांनी सांगितलं. त्यांच्या आईच्या समोरच्या दोन दातांत तरुणपणापासून फट होती. त्यामुळं ‘स’ म्हटला की बारीकशी शिट्टी वाजायची. आई कापूस वेचायला जायची तेव्हा हे लहानगे धुऱ्यावर, बांधावरच्या झाडाखाली बसून असायचे. रानात चाळीस बाया, सगळ्या वाकलेल्या, सगळ्यांच्या डोक्यावर पदर. आपली कोणती ते कळायचं नाही. मग कुठून तरी हाक यायची, “संज्या!” त्या ‘स’ची शिट्टी ऐकली की हे सरळ तिकडं पळत सुटायचे. कधी चुकले नाहीत.

“डॉक्टर म्हणते सारेच काढा लागतीन. कवळी बसली की ते शिट्टी गेली,” सर म्हणाले. “त्याच्या आधी मले तिचं गाणं पाह्यजे. ढोलक नको, बेंजो नको. तिचा आवाज आन् माझी गिटार. बस.”

मी म्हटलं, होऊन जाईल. मंडपवाल्याच्या तोंडून ‘नाही’ येत नसतं. माझ्या नेहमीच्या माइकवर सरांची गिटार भरून पाहिली. डब्याला रबर ताणून वाजवावं तशी ऐकू आली. मग सर स्वतः ‘संज्या, संज्या’ म्हणून पाहत होते, त्यातला ‘स’ तर कुठं राहिला तेच कळेना. अर्ध्या बहिऱ्याच्या हातून हे काम होणारं नव्हतं. कंडेन्सर माइक पाहिजे होता.

कंडेन्सर म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. त्याच्या आत केसाहून पातळ पडदा असतो. आवाजाची झुळूक आली तरी तो थरथरतो. त्याला स्वतःला करंट द्यावा लागतो, अठ्ठेचाळीस व्होल्ट, नाहीतर तो मुका. आणि स्वभावानं तो पक्का चुगलखोर. पंखा, बांगड्या, बाहेरचा कुत्रा, गाणाऱ्याच्या पोटातली गुरगुर, सगळं जाऊन सांगतो. त्यातही प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एखादा बारीक आवाज उचलून धरतो, त्यावर तारा छान वाजतात. एखादा जाड आवाजावर माया करतो, त्यावर गळा गोड लागतो. एकाच माइकमध्ये गळाही हवा आणि गिटारही हवी म्हणजे एकाच सुनेनं सासू आणि नणंद दोघींना खूश ठेवायचं.

हैदराबादच्या दुकानदारापुढं मी हे सगळं दुखणं मांडलं. म्हातारा गडी, कानात अत्तराचा फाया. त्यानं दोन माइक काढून ठेवले. एक नवा, सोनेरी जाळीचा, लग्नातल्या दागिन्यासारखा. दुसरा जुना, काळा, कुठंतरी वापरून निघालेला. त्याच्यावरचा कंपनीचा बिल्ला पडून गेलेला आणि अंगावर पांढऱ्या रंगात घातलेला नंबर. मी विचारलं, “यातला कोणता घेऊ?”

“हम से नक्को पूछो मियाँ, अपने कान से पूछो,” तो म्हणाला. “दोनों लेको जाओ. आठ दिन सुनो. एक वापस लाओ.”

असा भला माणूस. आठ दिवस म्हणजे दसऱ्यानंतरच्या सोमवारपर्यंतच होते.

दुसऱ्याच दिवशी सर आईला घेऊन आले. मऊ पांढरं लुगडं, हातात हिरव्या बांगड्या, चालणं ताठ. माझ्या सोनेरी माइककडं त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “हे गाळणं कायचं हाय वो, भाऊ?”

“याच्यात गायचं, आई.”

झालं. आईंनी पुढं होऊन त्या पडद्यावर अशी फुंकर घातली की माझ्या कानावरच्या हेडफोनमध्ये वावटळ उठली. मी जागचा उडालो. सर म्हणाले, “आई, फुंकू नको. तो नाजूक हाय.” आई म्हणाल्या, “नाजूक हाय तं रानात काऊन आणला?”

मग त्या गाऊ लागल्या. म्हणजे गायला उभ्या राहिल्या. पोलीस पाटलापुढं साक्ष द्यायला उभं राहावं तशा, हात दोन्ही बाजूंना. आवाज निघेना. निघाला तो घाबरलेला. ओवी अशी होती:

सरीसरीनं सरते मी, ओटी भरली कापसानं
पाटी भरली लेकरानं, अआइईच्या अक्षरानं.

सोनेरी माइकवर सरांची गिटार काय सांगू! फरशीवर नवीन नाणं पडावं तशी खणखणीत. पण ‘सरीसरीनं सरते’ आलं आणि हेडफोनमध्ये नागांची पूर्ण वस्ती फणा काढून उभी राहिली. आईंना ऐकवलं. त्यांनी तोंडावर पदर घेतला. “हे मी नोहे. मी अशी फुसफुसतो का रे, संज्या?”

काळ्यावर भरलं. त्यात फुसफुस नव्हती, पण काहीच नव्हतं. आई विहिरीत बसून गातात आणि सर शेजारच्या गावात वाजवतात असं वाटत होतं. शिट्टी तर अजिबात नाही. मी मनात म्हटलं, म्हातारा झालाय बिचारा, याचेही दात पडले. तीन दिवस मी हेच करत बसलो. सोनेरी लांब ठेवला, जवळ ठेवला, वर टांगला, त्याच्यापुढं कुसुमची ओढणी धरली. शिट्टी एक तर नाग व्हायची, नाहीतर मरायची. सर रोज यायचे, ऐकायचे आणि रोज एकच सांगायचे, “भाऊ, तिच्या तोंडात वाजते तशी पाह्यजे. कमी नको, जास्त नको.” शेवटी मी ठरवलं, सोनेरी ठेवायचा, काळा परत करायचा. निदान गिटार तरी झक्क येते.

अशात खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. सुताराचा रंधा, शिवणाऱ्याचं मशीन, शेतकऱ्याचा विळा. लाऊडस्पीकरवाल्याचे भोंगे, ॲम्प्लिफायर, माइक. कुसुम दरवर्षी सगळं पुसून मांडते, फुलं वाहते, हळदकुंकू लावते. मी अंघोळ करून आलो तर पाटावर मधोमध सोनेरी माइक, नव्या सुनेसारखा, आणि त्याच्या जाळीवर पाच बोटं हळद, पाच बोटं कुंकू, वर अक्षता.

 कुंकू म्हणजे बारीक पूड. जाळीतून सरळ पडद्यावर. मी धावत नेऊन लावून पाहिला. कढईत मोहरी टाकल्यासारखी तडतड.

“काय केलंस हे!”

“काय केलं म्हंजे? नवी वस्तू हाय, तिले पहिला मान,” कुसुम म्हणाली.

“आणि काळा?”

“तो तं तुमी परत देऊन राह्यले ना? परत द्यायच्या वस्तूची पूजा कोन करते?”

तर्क बिनतोड होता. वर तिनं आणखी एक खिळा ठोकला, “आता हा परत देता येत नसते. पूजलेली वस्तू घरातून जात नाई.” मी डोक्याला हात लावून खालीच बसलो. सोमवार चार दिवसांवर आणि हातात राहिला तो दात पडलेला काळा.

दसऱ्याला वाघमाऱ्यांचं घर पांढरे कपडे घालून विहारात होतं. मी तिथंच गाठून सरांना खरं ते सांगितलं. मला वाटलं होतं चिडतील. तसं झालं नाही. आईच हसू लागल्या, “मशिनले कुकू लावलं? मंग आता ते सवाशीण झालं, गाणार कायले?” आणि म्हणाल्या, “काळ्यावर गातो मी रविवारी. जे येईन ते येईन. नाई आलं तं नाई आलं, संज्याले कुठं हरवाचं हाय आता?” सर दुसरीकडं पाहू लागले. त्यांचा चेहरा मला बघवेना.

रविवारी दुपारी आम्ही जमलो. शेजारच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, हंगामाच्या आधी मशिनी चालवून पाहत होते, त्यांची घरघर जमिनीतून पायाला लागत होती. चुगलखोरापुढं ही घरघर म्हणजे आयतं पंचपक्वान्न. पण मी वाट पाहत होतो. त्या काळात आमच्याकडं दुपारी करंट जायचा. लोक सरकारच्या नावानं बोटं मोडायचे. मी एकटाच असा होतो की करंट जायची घड्याळ लावून वाट पाहायचो, कारण करंट गेला की जिनिंग बंद, पंखे बंद, पिठाची गिरणी बंद. माझा रेकॉर्डर सेलवर चालायचा. माइकसाठी नऊ व्होल्टच्या पाच चौकोनी बॅटऱ्या एकापुढं एक जोडून डबी केली होती. पाच नवे पंचेचाळीस. तीन व्होल्ट कमी पडतात, पण गरिबाच्या माइकला तेवढं चालतं.

दोनच्या सुमाराला बाहेरून जिनिंगचा ऑपरेटर तेलुगूत ओरडला, “करंट पोयिंदी!” घरघर थांबली. सगळा भैंसा गप्प झाला. मी हेडफोन चढवले, काळ्याची बॅटरी लावली. आई माइकपुढं साक्षीला उभ्या राहिल्याच होत्या.

“संज्या, मले असं उभं राहून नाई जमत,” त्या म्हणाल्या. “हाताले काम नाई तं गाणं कसं येईन? रानात हात चालते तवा तोंड चालते.”

गोष्ट खरी होती आणि तीन दिवस आम्हा दोघा शहाण्यांच्या डोक्यात आली नव्हती. पण काम द्यायचं कोणतं? ज्वारी निवडायला दिली तर सुपाचा आवाज. भाकरी थापायला दिली तर थाप. मी विचार करतोय तोवर आईंनी आपलं काम शोधलं होतं. माइकच्या पलीकडं गाठींना टेकून गोदामातल्या कापसाचा ढीग होता. त्या माइकला वळसा घालून पलीकडं गेल्या, ढिगावर मांडी घातली, हातातल्या बांगड्या सरकवून वर चढवल्या आणि कापसातली कवडी, खराब बोंडं, वेगळी काढू लागल्या. कापूस निवडताना कसलाही आवाज होत नाही. जगात एवढं मुकं काम दुसरं नसेल.

आणि त्या स्वतःशीच गुणगुणू लागल्या.

माझ्या कानात काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. विहिरीतल्या आई एकदम वर आल्या आणि माझ्या मांडीला मांडी लावून बसल्या. श्वास ऐकू आला. पदराची सळसळ ऐकू आली. ‘सरीसरीनं’ आलं आणि त्यातली ती शिट्टी, बारीक, गोड, जशी तोंडात वाजते तशीच. मी काळ्याकडं बघत राहिलो.

मग लक्षात आलं. असा माइक एकाच तोंडानं ऐकतो, पाठीकडून ऐकत नाही. एरवी बिल्ला असतो ती बाजू तोंडाची. काळ्याचा बिल्ला पडलेला. आम्ही मंडपवाले आपल्या वस्तूवर नाव-नंबर नेहमी समोर घालतो, लग्नात कोणाची वस्तू कोणाकडं जाऊ नये म्हणून. तीच सवय डोक्यात धरून मी पांढरा नंबर म्हणजे तोंड असं समजलो होतो. मागच्या मालकानं तो बिचाऱ्याच्या पाठीवर घातला होता. गेले सहा दिवस मी एका चांगल्या माइकच्या पाठीशी बोलत होतो आणि वर त्यालाच बहिरा म्हणत होतो. पंचवीस वर्षांचा माझा अनुभव आईंनी चार पावलं चालून चुकीचा ठरवला.

मी खुणेनं सरांना बोलावलं. ते गिटार घेऊन आईजवळ येऊ लागले. माइक एक आणि माणसं दोन असली की आवाज जमवायला माणसंच सरकवावी लागतात. मी हातानं मागं, मागं, आणखी मागं करत होतो. आईंना माझ्या खुणा दिसत होत्या. त्या म्हणाल्या, “संज्या, सरक जरा तिकडं. ते भाऊ हात हालवून राह्यले.” सर तीन हात लांब गेले, त्यांनी तारा आईच्या पट्टीला उतरवल्या आणि हळूच सूर धरला. रेकॉर्डर चालूच होता.

आईंनी एकामागून एक अकरा ओव्या म्हटल्या. हात चालत होते, मांडीशी कवडीचा ढीग वाढत होता. मध्येच त्या हसल्या, मध्येच एकदा थांबून त्यांनी एक किडकं बोंड नीट पाहिलं. मी काही थांबवलं नाही.  करंट आला आणि जिनिंग घरघरलं तेव्हा आई म्हणाल्या, “झालं का? आता कापसाचं माप कोन घेनार?”

सोमवारी दात गेले.

सोनेरी मी परत नेला नाही. दुकानदाराला कुंकवाची हकीकत सांगितली तर तो पोट धरून हसला आणि म्हणाला, “पूजा होगई तो घर का होगया, मियाँ.” पुढं एका रेडिओ दुरुस्तीवाल्यानं ब्रशनं कुंकू काढून दिलं. थोडी तडतड राहिली ती राहिलीच. काळाही विकत घेतला, तो मात्र धंदा होता तोवर माझ्याजवळ होता. गावात कोणी शिकाऊ पोरं येऊन विचारत, काका, गाण्याला आणि गिटारला कोणता माइक घ्यावा? मी सांगायचो, कोणताही घे, पण आधी त्याचं तोंड कुठं आहे ते बघ आणि गाणाऱ्याच्या हाताला काम दे.

एक खंत आहे. त्याआधी मी किती जणांच्या कॅसेटी स्वच्छ करून दिल्या! कोणाचा खाकरा कापला, कोणाचा हुंकार, कोणाचं मधलंच बोलणं. त्याचा मला अभिमान वाटायचा. त्यातलं कोणाचं काय कापून फेकलं असेल, आता कुठं शोधू?

थंडीत आईंना कवळी बसली. सर त्यांना घेऊन कॅसेटच्या प्रती न्यायला आले. सर बाहेर सायकल लावत होते, आई तेवढ्यात आत आल्या. तोंड भरलेलं, हसू पांढरंशुभ्र, पण चेहरा पडलेला.

“काय झालं, आई?”

“भाऊ, हा माझ्याकडं पाह्यतच नाई,” त्या म्हणाल्या. त्यांचा ‘स’ आता शाळेतल्या पुस्तकातल्यासारखा सरळ होता. “आठ दिवस झाले. वसरीतून हाक देतो तं मान वर करत नाई. म्हन्ते, मले वाटलं शेजारीन हाय.” आणि त्यांनी दाराकडं तोंड करून हाक मारून दाखवली, “संज्या!”

बाहेर सर सायकलला कुलूप लावत राहिले.

मी कॅसेट लावली आणि आवाज वाढवला. गाण्याच्या आधीचं बोलणं मी कापलं नव्हतं.

“संज्या, सरक जरा तिकडं...”

बाहेर सायकल धाडकन पडली. “आलो, आई!” सर ओरडले, आणि पळतच आत आले.